देल्फिनचा राहिलेला घोट

मी एक जुना शिंगाचा पेला आहे. बैलाच्या डोक्यावर होतो तेव्हा मला काही काम नव्हते. माझ्या मालकाने, क्रिसान्तोने, मला कापले, उकळले, आतून खरवडले आणि बुडाला लाकूड ठोकले. माझ्यात कडू पाला भरायचा, गार पाणी ओतायचे, नळीने ओढायचे आणि रिकामा पेला परत द्यायचा. घोळक्यात सगळ्यांना पेला एकच.

मित्रांनो, आमच्या पाराग्वायची रीत ध्यानात ठेवा. पेला परत देताना ‘आभारी आहे’ म्हटले, की पिणाऱ्याचे पुरे झाले. न बोलता दिला, तर त्याचा घोट अजून बाकी आहे.

पहिला घोट.
चाकोच्या कोरड्या रानात शेजारच्या देशाशी युद्ध पेटले. क्रिसान्तोला सक्तीने भरती केले. एक पाय आखूड, म्हणून बंदूक न देता त्याला मागच्या तळावर विहिरीशी उभे केले. तो पाणी शेंदायचा, डबे भरायचा. ते ट्रकने आघाडीवर जायचे. तिकडे पाण्याचा थेंब नव्हता.
“काय पाणक्या, आज शत्रूच्या किती बादल्या पाडल्यास?” शिपाई चिडवत.
“तुझ्या घशात ओतल्या तेवढ्या!”

दुसरा घोट.
आघाडीवर निघालेल्या तुकडीत त्याचा धाकटा भाऊ देल्फिन दिसला.
“दादा, मी आघाडीवर चाललोय हे आईला सांगू नकोस.”
“गप पी.” क्रिसान्तोने मला भरून त्याच्यापुढे धरले.
शिट्टी झाली. देल्फिनने मला घाईघाईने भावाच्या हातात कोंबले.
“आभारी आहे म्हणालो नाही हं! माझा घोट ठेव.”
“ये तर खरा, गाढवा.”

तिसरा घोट.
क्रिसान्तोने भरलेले डबे नेणारा ट्रक वाळूत रुतला. बऱ्याच दिवसांनी तो परत आला. डबे तसेच काठोकाठ. ड्रायव्हर बेनिग्नो खाली उतरेना.
“तुझ्या भावाची तुकडी... गोळी नाही रे लागली कुणाला. तहान. आम्ही पोचलो, तेव्हा प्यायला कुणी उरलं नव्हतं.”
क्रिसान्तोने एका डब्याचे झाकण उघडले. आत हात बुडवला. आणि तसाच...

युद्ध संपले. घरी तो आधी आईला पाजायचा, मग शेजाऱ्यांना, मग स्वतः प्यायचा. शेवटी मला पुन्हा भरून कडेला ठेवायचा. तो घोट कोणी ओढत नसे.

चौथा घोट.

.

.

आता क्रिसान्तो नाही. नातवंडांनी मला पॉलिश करून काचेआड ठेवले आहे. पाहुणे म्हणतात, किती सुबक! पण कोरडा राहून मला तडे जात आहेत. मित्रांनो, मला बाहेर काढा, भरा, फिरवा. आणि सगळ्यांचे पिऊन झाले की एकदा भरून कडेला ठेवा. देल्फिन अजून ‘आभारी आहे’ म्हणालेला नाही.