एका क्रियापदाचा दावा

मालक आणि कामगार यांच्यातला संघर्ष हा मानवी इतिहासाचा कणा आहे, असं मोठमोठे विचारवंत सांगून गेले. काजेवालीच्या बाबतीत हा कणा एका क्रियापदात लचकला होता.

अकरा वर्षं ती एका कारखान्यात शर्टांना काजं करत होती आणि अकरा वर्षं संध्याकाळी निघताना "येते" म्हणत होती. निघणाऱ्याने 'जाते' म्हणायचं नसतं, हे तिला लहानपणापासून पाठ. पण एके दिवशी चाळीस शर्टांची काजं भलत्याच पट्टीवर पडली. खडूच्या खुणा कापड कापणाऱ्या मास्तरने केल्या होत्या, मात्र मालकांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं ते हिला. ती उठली, मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, "जाते मी."

दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली, तर दारातच पत्र हातात पडलं: आपण दिलेला तोंडी राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.

म्हणून सहा आठवड्यांनी ती कामगार कार्यालयात समेट अधिकाऱ्यांसमोर बसली होती. जुनं मशीन परत मिळालं तर मिळालं. नाहीतर सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे शिकाऊ म्हणून पोरीबाळींच्या रांगेत बसायचं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात.

कारकुनाने सोबत कोण आहे विचारलं. "जाऊ आली," ती म्हणाली. बाई, जायचंय की आलात हे आधी नक्की करा, असं कारकुनाने सुचवलं. त्यावर थोरल्या जावेने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने 'एक नातेवाईक' असं लिहिलं.

मालक जाडजूड फाइल घेऊन आले होते. तिघांचे जबाब होते आणि तिघांनीही 'जाते' हा शब्द स्वच्छ ऐकला होता. अधिकाऱ्यांनी तिन्ही जबाब शांतपणे वाचले आणि तुम्ही खरंच असं म्हणालात का, असं तिला विचारलं.

जावेने घरी चांगली घोकंपट्टी करून घेतली होती. साफ नाही म्हणायचं, मशीनच्या खडखडाटात 'येते'चं 'जाते' ऐकू आलं म्हणायचं. काजेवालीने तोंड उघडलं, पण खोटं काही जिभेवर येईना.

"म्हटलं, साहेब."

जावेने कपाळाला हात लावला.

"पण 'जाते' म्हटलं, 'गेले' नाही म्हटलं. 'जाते' म्हणणारं माणूस कुणीतरी 'थांब' म्हणावं म्हणून म्हणतं, साहेब. मी मशीन सावकाश झाकलं, चपलाही सावकाश घातल्या. एक चप्पल तर दोनदा घातली. कुणी म्हणालंच नाही."

यातलं नेमकं काय लिहून घ्यायचं, ते कारकुनाला कळेना. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून मालकांना विचारलं, 'थांब' म्हणायचं काम कोणाचं होतं. मालकांनी फाइल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे. त्यात हा कागद नव्हता.

"मला वाटलं, मास्तर म्हणेल," ते शेवटी पुटपुटले.

कारखान्याच्याच नियमांत राजीनामा लेखी लागतो असं छापलेलं होतं. अधिकाऱ्यांना ते पहिल्याच मिनिटाला सांगता आलं असतं. पण मग हे सगळं ऐकायचं राहून गेलं असतं. त्यांनी ते आता सांगितलं, आणि अर्ध्या तासात सह्या झाल्या. सोमवारपासून कामावर, जुनंच मशीन, अकरा वर्षं अखंड धरायची. जावेने कागद दोनदा वाचला आणि घोकंपट्टी फुकट गेल्याबद्दल तिला माफ केलं.

दोघी व्हरांड्यात पोचल्या तोच मालक मागून लगबगीने आले. घसा खाकरला. भिंतीकडे पाहिलं. माणूस आता माफी मागणार, हे ओळखून जाऊ दोन पावलं बाजूला झाली. कारकूनही दारात येऊन उभा राहिला.

"अगं," मालक हळूच म्हणाले, "ती दोऱ्याच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवतेस, तेवढं सांग. सहा आठवडे सगळं निळ्या दोऱ्यानेच शिवतोय."