पश्चिमेची भिंत

उन्हं कलली की शिवणबाईच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत तव्यासारखी तापायची. बोटांना घाम सुटे, घामाला दोरा चिकटे. त्यात हाती पांढऱ्या साटीनचा लग्नाचा पोशाख. एक डाग पडला की केल्या कामावर पाणी.

त्याच सुमारास नणंद सुट्टीला आली. ती प्रयोगशाळेत कामाला होती. दोन उभ्या पत्र्यांमधली हवा तापली की कशी वर चढते, हे ती वर्षानुवर्षं मोजत आली होती. तिचा भाऊ, म्हणजे शिवणबाईचा नवरा, सुतार. तो म्हणायचा, "आमची धाकटी हवा वर जाताना बघते आणि त्याचा पगार घेते!" शिवणबाई हसायची, पण आपल्याला काय कळणार, म्हणून नणंदेला तिच्या कामाविषयी तिने कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र जीव मेटाकुटीला आला. ती वैतागून म्हणाली, "वन्सं, ती तुमची हवा आमच्याकडे का हो वर जात नाही?"

नणंद उठली, भिंतीला हात लावून आली. "जाईल की वहिनी. तिला वाट करून द्यायची. भिंतीला बाहेरून फळ्या मारायच्या, मध्ये फट सोडायची, खाली-वर उघडी. ऊन फळ्या झेलतील, फटीतली हवा तापून वर निघून जाईल आणि खालून गार हवा शिरेल. ना पंखा, ना वीज."

नवऱ्याने, म्हणजे नणंदेच्या दादाने, फळ्या ठोकल्या, पण आपल्याच मनाने. फट जेमतेम अर्धं बोट, आणि उंदीर नकोत म्हणून खालचं तोंड पट्टीने बंद. खोली होती तशीच.

"झालं तुझं शास्त्र?" त्याने विचारलं.

"अरे दादा, नाक दाबतोस आणि वर म्हणतोस श्वास घे! एवढ्याशा फटीत हवा दोन्हीकडून घासते, ती हलणार कशी? चांगली चार बोटं ठेव. आणि पट्टी काढून जाळी लाव."

त्याने कुरकुरत सगळं पुन्हा केलं. तरी फरक म्हणावा तसा नाहीच. नणंदेचा चेहरा पडला. शिवणबाईला वाटलं, उगाच आपण हिला भरीला घातलं.

नणंद शिडी लावून वर चढली आणि वरूनच हसू लागली. "चूक माझीच! फळ्या छपराला टेकल्यात. सगळा हिशेब केला आणि छप्परच विसरले!" तिने करवत मागवली आणि फळ्यांची टोकं स्वतःच कापली. इतकी वाकडी, की दादाने डोळ्यांवर हात घेतला.

शिवणबाईने खाली जाळीपाशी दोऱ्याचं एक टोक धरलं. दोरा हळूच आत ओढला गेला. "अगंबाई! ओढतीये की ही!" ती ओरडली. तिघंही वाकून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत बसवत होतं. गारवा नव्हता, पण भिंतीची धग गेली होती. दादा कुंपणाशी उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "चार बोटं फट हवी, समजलं ना? कमी ठेवली की संपलं!"

नणंद खोलीत सतरंजीवर पाठ टेकून पडली होती. "वहिनी," ती म्हणाली, "एवढी वर्षं नुसते आकडे बघितले. कुणाची पाठ कोरडी झालेली आज पहिल्यांदा पाहिली."

शिवणबाई काही बोलणार, तोवर नणंदेचा डोळा लागलाही होता. मशीनचा आवाज नको, म्हणून शिवणबाईने पाय पायडलवरून काढले, पोशाख मांडीवर घेतला आणि हातानेच काठ दुमडायला सुरुवात केली.