भिंगांची पेटी कोणी पाडली?

माझ्या ताईला बंदूकवाल्यांनी धरून नेलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो बंदूकवाल्यांचा. बिचाऱ्यांना काय गळ्यात पडलंय याची कल्पना नसणार. दुसरा विचार आला तो ताईचा. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

वडिलांचं चष्म्याचं दुकान तिने एकटीने चालवलं. लढाई गावाजवळ आली तेव्हा बहुतेक सगळे निघाले, ही निघाली नाही. मी फोनवर गयावया केली, तर म्हणाली, "तीन चष्मे तयार आहेत. न्यायला माणसं आली आणि दुकान बंद असलं तर?" माणसं आली, पण चष्मे न्यायला नाही. बाजारातल्या आणखी अकरा जणांबरोबर तिला ट्रकमध्ये बसवलं. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशातली आमची ताई.

इकडे शहरात एका शाळेच्या वर्गात बंदूकवाल्यांशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थांचं कार्यालय होतं. मुलांच्या बाकांवर आम्ही नातेवाईक गुडघे दुमडून बसायचो. मध्यस्थ बाई सगळ्यांशी हळू आवाजात बोलत. सहाव्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला.

"आजोबा, त्या जिवंत आहेत की नाही याची खात्री करून घ्यायचीय. ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत असेल असा एक प्रश्न लिहा. खाली त्याचं उत्तर. उत्तर इथेच राहील, प्रश्न तेवढा पुढे जाईल."

बायको शेजारीच होती. "वन्संना त्यांच्या पहिल्या शाळेचं नाव विचारा."

"ते कोणीही सांगेल," मी म्हणालो आणि लिहिलं: भिंगांची पेटी कोणी पाडली?

ही गोष्ट सहासष्ट वर्षांपूर्वीची. वडिलांची डोळे तपासायच्या भिंगांची पेटी होती, मखमलीच्या खाचांत बसवलेली शंभरावर भिंगं. मी सात वर्षांचा, ताई बारा. खेळात ती डॉक्टर झाली, मी पेशंट. तिचं कोपर लागलं आणि पेटी खाली आली. वडील धावत आले तर ताईने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. दोन थोबाडीत मला बसल्या. तेव्हापासून माझ्या लग्नात, तिच्या साठीला, अगदी आईच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा मी विचारत आलो आणि ती एकच सांगत आली, "तूच पाडलीस."

उत्तराच्या जागी मी लिहिलं, 'धाकट्याने. हे धादांत खोटं आहे, पण ती हेच सांगेल.'

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एकच उत्तर लिहा, आजोबा."

मी 'धाकट्याने' एवढंच ठेवलं. खोटं सहीनिशी लिहून देणं जिवावर आलं, पण ताईसाठी तेही केलं.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. मध्यस्थ बाईंनी कागद उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. "उत्तर जुळत नाही, आजोबा. इथे लिहिलंय, 'मी. माझं कोपर लागलं.'"

बायकोने माझा दंड घट्ट धरला. मी म्हणालो, "ती ताईच आहे. कोपराचं आम्हा दोघांनाच माहीत आहे."

बायकोचा जीव भांड्यात पडला. ती रडली, बाई हसल्या, मागच्या बाकावरच्या कोणीतरी माझी पाठ थोपटली. माझा जीव मात्र जागचा हलला होता. सहासष्ट वर्षं जी बाई वाकली नाही, तिने एका अनोळखी माणसाच्या हाती कबुली पाठवली होती. ताई आवराआवर करत होती. दुकान बंद करण्यापूर्वी काचा पुसून ठेवतात, तशी.

मला भयंकर राग आला. असं मला न विचारता निघायचं?

"मला उलट निरोप पाठवायचाय," मी म्हणालो.

"बारा शब्द. आणि प्रेमाचे दोन शब्द लिहा हं," बाई म्हणाल्या.

मी लिहिलं: 'पेटी मीच पाडली होती. तुझं वय झालं ताई, तुला काही आठवत नाही.'

बायकोने वाचून कपाळाला हात लावला. "अहो, त्या तिकडे कोंडलेल्या, आणि तुम्ही भांडण काढताय?"

"तिला समजूत घातलेली कधी चाललीय?" मी म्हणालो. पण घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तेच आपले तिला शेवटचे शब्द ठरले तर, या विचाराने पुढचे दिवस माझी पाचावर धारण बसली होती. उत्तर आलं नाही तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

अकराव्या दिवशी बाईंनी मला पुढे टेबलाशी बोलावलं. हातात कागद होता आणि त्या वाचायला तयार नव्हत्या.

"यात जरा... शिवी आहे, आजोबा."

"वाचा. मोठ्याने वाचा."

त्यांनी घसा साफ केला. "'वय तुझं झालंय, गाढवा. पेटी मीच पाडली. घरी आले की कान उपटते.'"

मी तो कागद मागून घेतला. 'घरी आले की' यावर बोट ठेवलं आणि मला हुंदका आवरेना. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाकांवरची माणसं माना वळवून बघत होती, तर बघोत.

"आता काय कळवू त्यांना?" बाईंनी विचारलं.

मी डोळे पुसले आणि पेन मागितलं. हे भांडण मला आता मिटू द्यायचं नव्हतं. मी लिहिलं, 'साफ खोटं. मीच पाडली. हिंमत असेल तर समोर येऊन बोल.'