सेटची रेंज

दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं, किडलेल्या दाढा उपटायच्या, नको नको ते वास सोसायचे, हे डॉक्टरीणबाईंचं रोजचं काम. त्यांना त्याची कधी शिसारी आली नाही. शिसारी आली ती नवऱ्याच्या आवाजाची, आणि तीही वॉकीटॉकीच्या दुकानात, चारचौघांत.

नवरा विक्री अधिकारी. बोलण्याचाच पगार घ्यायचा, आणि घरी फुकट बोलतानाही हात आखडता घ्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी तिघं सायकली काढत. पुढे तो, मधे नऊ वर्षांची चिमणी, शेवटी डॉक्टरीणबाई. हाका मारून घसे बसतात म्हणून वॉकीटॉकी घ्यायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोला. पण पहिल्या दिवसापासून बाईंच्या कानात जे सुरू झालं ते काही विचारू नका. वारा कुठून येतोय, टायरमध्ये हवा किती हवी, साहेबाची त्याने कशी बोलती बंद केली. मधेच पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात जायची. मधेच नाक ओढणं, आवंढा गिळणं. पेशंटची लाळ पुसता तरी येते, ही कानातली कशाने पुसायची?

तरी बाई सोसत होत्या. गेल्या रविवारी मात्र हसण्यावारी न्यावं असं काही उरलं नाही. बाईंची सायकल पंक्चर झाली आणि त्या मागे पडल्या. पुढच्या वळणावर चिमणी वाळूवरून घसरली, ती सायकलसकट गटारात. बाई पोचल्या तेव्हा पोर कमरेपर्यंत काळ्या गाळात बसली होती, गुडघा सोललेला, आणि वॉकीटॉकी भिजू नये म्हणून हात वर धरलेला. त्यातून बाबांचा आवाज येत होता. चढाला गिअर कोणता टाकावा ते चाललं होतं.

बऱ्याच वेळाने मागे कोणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. परत येऊन त्याने विचारलं, हाक का नाही मारलीस? चिमणी खाली मान घालून गुडघ्यावरचा गाळ पुसत राहिली. मग निकालही त्यानेच दिला. सेटची रेंज कमी पडते.

म्हणून आज हे दुकान. बाईंना एवढंच हवं होतं की पुन्हा पोर पडली तर कुणाला तरी ऐकू यावं. या वेळी गटार होतं, पुढच्या वेळी ट्रकचं चाक असेल. त्यासाठी कितीही महागडा सेट घ्यायची त्यांची तयारी होती. दुकानदाराने दोन-चार प्रकार मांडले, कुठला किती लांब ऐकू येतो, कुठला पाण्यात पडला तरी चालतो ते सांगितलं. नवऱ्याने त्याला अर्ध्यावर तोडलं आणि वॉकीटॉकी म्हणजे काय ते दुकानदारालाच समजावलं. दुकानदार बिचारा मान हलवत राहिला.

मग त्यानेच सगळ्यांत दमदार सेटची जोडी निवडून त्यातला एक चिमणीच्या हातात दिला आणि तिला रस्त्यापल्याडच्या फुटपाथवर पिटाळलं. बटण दाबून नवरा सुरू झाला. ऐकू येतंय का, स्पष्ट येतंय का, हा सेट बघ किती वजनदार आहे, मागचा म्हणजे नुसतं खेळणं होतं. बटणावरचा अंगठा काही उचलेना, आणि तो उचलल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमला होता. बाईंना शिसारी आली. त्यांनी तोंड फिरवलं आणि काचेतून बाहेर पाहिलं.

चिमणी सेट तोंडाशी धरून उभी होती. ओठ मिटलेले. बोलायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हती.

बाई रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेल्या.

"बोलत का नाहीस गं?"

"बाबांचं संपल्यावर बोलायचं असतं ना?"

"आणि गटारात पडलीस तेव्हा?"

"तेव्हाही नव्हतं संपलं."

बाईंना स्वतःचा तो रविवार आठवला. त्या दिवशी पंक्चर झाल्यावर त्यांनी तरी कुठे सांगितलं होतं? रस्त्याच्या कडेला सायकल धरून, त्याचं कधी संपतंय याची वाट बघत त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. पदव्या घेतलेली, मोठमोठ्यांना आ करायला लावणारी बाई. नवऱ्याची येत होती त्याच्या दुप्पट किळस त्यांना स्वतःची आली. आणि ही विद्या पोरीने दुसऱ्या कुणाकडून उचलली असणार?

चिमणीच्या हातातला सेट बोलतच होता. बघा, तिकडून काहीच येत नाही, हाही बेकार, याहून मोठा दाखवा.

बाईंनी सेट तिच्या हातातून घेतला आणि बंद केला. रस्त्यावरची रहदारी एकदम ऐकू यायला लागली. त्या पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"हं. आता बोल. काय सांगायचं होतं तुला?"

चिमणीने तोंड उघडलं. मग थांबली, आणि बाबांचं संपलंय का ते बघायला आधी काचेकडे वळली.