दोरा तोडायची जागा

मास्तरांची शीळ म्हणजे डोक्याला ताप आहे, असं त्यांच्या बायकोनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सांगून म्हणजे काय, दवंडीच पिटली होती म्हणा ना! भाजीवालीला सांगितलं, समोरच्या घड्याळवाल्याला सांगितलं, मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. "दारात बसले की यांचं सुरू. माझे कान किटले हो!" ऐकणारे हसायचे, मान डोलवायचे आणि जाताना तीच चाल गुणगुणत जायचे. मग तिला आणखी राग यायचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. कोट शिवायचे. आणि मास्तरांची बायको म्हणून तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची, तेही तिला शोभायचं. दुकान पुढं, घर मागं, मधे एक पडदा, आणि तो पडदा कायम अर्धा सरकलेला. त्यामुळं दुकानातली खडूची धूळ घरात यायची आणि घरातला चहाचा वास दुकानात जायचा. मशीनवर असले की मास्तर गप्प असायचे. मशीनच्या खडखडाटापुढं शीळ काय टिकणार? पण कोट शिवून झाला, आता फक्त बटणं राहिली, असं झालं की ते दारातल्या खुर्चीत उन्हाला बसायचे, कोट मांडीवर घ्यायचे, सुईत दोरा ओवायचे आणि ओठांचा चंबू करायचे.

चाल एकच. तरुणपणी कुठल्याशा तंबूतल्या खेळात ऐकलेली. तिचे शब्द काय होते ते खुद्द मास्तरांनाही आठवत नव्हतं, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. सुई वर निघाली की सूर वर, सुई खाली गेली की सूर खाली. समोर घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवत बसलेला असायचा, त्याचीही मान हलायची. ऊन पायांवर, चहाचा पेला शेजारी, बोटाखाली बटण. एवढ्यावर मास्तर खूश. राजाला मिळणार नाही असं सुख मिळाल्यासारखे बसलेले असायचे आणि मास्तरीण पडद्याआडून भाजी निवडता निवडता कुरकुरायची.

तिची दुसरी तक्रार मात्र खरी होती. मास्तर दोरा दातानं तोडायचे. कात्री हाताशी, चांगली धार लावलेली, तरी हा माणूस मान वाकवून कचकन दोरा तोडणार. "अहो, कात्री कशाला आहे? शोभेला?" हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की ते आता तिच्या तोंडून श्वासासारखं आपोआप निघायचं. मास्तर "हो हो" म्हणायचे आणि पुढचा दोरा दातानंच तोडायचे.

मग पुढचे दोन दात हलायला लागले. दातांच्या डॉक्टरनं मास्तरांना आ करायला लावला, दिवा आत घातला आणि विचारलं, "दातांना ही खाच कसली?"

"दोऱ्याची," मास्तरांच्या आधी मास्तरीण म्हणाली. मास्तरांना आ केलेल्या तोंडानं बोलता येईना, तेवढीच तिला संधी.

दात काढले, नवे बसवले. पांढरेशुभ्र, एका ओळीत. या दातांनी दोरा अजिबात तोडायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं. गल्लीत शिरल्या शिरल्या घड्याळवाला ओरडला, "मास्तर, नवरदेव दिसताय की!" मास्तर लाजले, आणि खरं सांगायचं तर मास्तरीणसुद्धा जराशी लाजली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात बसले. कोट मांडीवर घेतला, दोरा ओवला, ओठांचा चंबू केला. आणि नुसतीच हवा. फुऽऽ. मास्तरीण पडद्याआड होती, तिला फस्सकन हसू आलं. मग दुसरी फुंकर आली. तिसरी आली. चौथीला तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. शीळ त्या खाचेतूनच निघायची, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. दोऱ्यानं दात झिजवले होते आणि झिजलेल्या दातांतून सूर निघत होता, आणि डॉक्टरनं ते सगळं एका चिमट्यात उपटून कचऱ्यात टाकलं होतं. मास्तरांनी कोटाची घडी घातली आणि ते आत येऊन मशीनवर बसले.

त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही. मशीन चालायचं, कोट शिवून व्हायचे, आणि बिनबटणाचे खुंटीवर जाऊन बसायचे. खुंटी भरली, मग बाकावर ढीग लागला. गिऱ्हाइकं यायची. "उद्या या," मास्तर मान खाली घालून म्हणायचे. इतक्या वर्षांत या माणसानं कुणाला उद्या या म्हटलं नव्हतं.

"अहो, बटणं तेवढी लावा की," एकदा मास्तरीण म्हणाली.

"हात चालत नाही गं."

"हाताला काय झालंय? दात काढले, हात नाही काढले."

मास्तरांनी मशीनचं चाक फिरवलं. पूर्वी असल्या टोमण्यावर ते हसले तरी असते.

आता तिला हवी तेवढी शांतता मिळाली होती. इतकी वर्षं मागितली, पदरात पडली, आणि ती शांतता तिला खायला उठली. नळ ठिबकतो हे तिला आत्ता कळलं. समोरच्या दुकानातली घड्याळं एका वेळी वाजत नाहीत हेही कळलं. दूध तर दोनदा उतू गेलं. कारण शीळ थांबली की उठायचं आणि चहा टाकायचा, हे तिचं घड्याळ होतं आणि ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिला सारखं वाटायचं, जावं आणि म्हणावं, शीळ घाला हो, कशीही येऊ दे, नुसती हवा आली तरी चालेल. पण म्हणणार कोणत्या तोंडानं? आयुष्यभर बोललेलं असं एका घोटात गिळता येतं होय! म्हणून ती भांडी आपटायची.

एका दुपारी लेकीचा फोन आला. लेक परगावी, कडेवर तान्हं. "आई, बाबांना दे ना फोन. शीळ घाला म्हणावं, हा झोपतच नाहीये." पोराला आजोबांच्या शिळेची सवय लागली होती, फोन कानाशी धरला की डोळे मिटायचं.

मास्तरणीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. मास्तर मशीनवर नुसते बसले होते, रिकामं रीळ बोटावर फिरवत. "बाबा कामात आहेत," ती म्हणाली. "तूच म्हण की, तुला येते."

लेक गुणगुणायला लागली. तीच चाल. मधे नेहमीसारखी क्षणभर थांबली, मग पुढं गेली. पोर शांत झालं. "झोपला गं," लेक कुजबुजली आणि फोन ठेवला. मास्तरीण मात्र फोन हातात धरून तशीच उभी राहिली. ज्याची चाल त्याच्याच घरात मुकी.

ती तडक दुकानात गेली. "बटणं तुम्ही लावणार आहात, की मी लावू?"

हा शुद्ध डाव होता. आपल्या कोटाला दुसऱ्या कुणाची सुई लागलेली मास्तरांना खपत नसे. आता चिडतील, उठतील, कोट हातातून ओढून घेतील, असा तिचा हिशेब.

"लाव," मास्तर म्हणाले.

एवढंच. तिचा डाव फसला. पण शब्द दिला तर दिला. तिनं ढिगातला वरचा कोट उचलला, दारातल्या खुर्चीत बसली, दोऱ्याचं टोक ओलं करून कसंबसं सुईत घातलं आणि लागली लावायला. घरातली उसवण शिवणं वेगळं आणि मास्तरांच्या कोटाला बटण लावणं वेगळं. कापड जाड, सुई निसटत होती. बोटाला टोचली, "आई गं!" झालं, बटण वाकडं बसलं. ऊन पायांवर आलं होतं. आणि त्या नादात, हाताला नेट यावा म्हणून, ती नाकातल्या नाकात गुणगुणायला लागली. बेसूर, हेही सांगून टाकतो. तिला आपण गुणगुणतोय याचा पत्ताच नव्हता. चाल चढली, उतरली, अर्ध्यावर आली. ती थांबली. मग पुढं निघाली.

"थांब," आतून मास्तर म्हणाले. "पुन्हा म्हण."

"काय म्हणू?"

"आत्ता म्हणत होतीस ते."

"मी? मी कुठं काय म्हणत होते?"

"अगं म्हण ना!"

तिनं मान खाली घातली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि म्हटलं. अर्ध्यावर येऊन थांबली.

"का थांबलीस?"

"थांबायचंच असतं तिथं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? चालच तशी आहे." आता तिला राग आला. "इतकी वर्षं ऐकतेय, मला शिकवू नका. लेकही तिथंच थांबते. भाऊजींना विचारा हवं तर! अहो भाऊजी, जरा इकडं या!"

घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग कपाळावर चढवून गल्ली ओलांडून आला. "काय वहिनी?"

"यांची ती चाल म्हणून दाखवा."

घड्याळवाल्याला एवढंच हवं होतं. त्यानं घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. अर्ध्यावर आला तसा थांबला. हातसुद्धा हवेत तसाच उचललेला ठेवला. "अहाहा!" तो डोळे न उघडता म्हणाला. "काय जागा आहे ही, मास्तर! तुम्ही इथं असे थांबायचा ना, की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. भल्याभल्या गवयांना जमायची नाही. इतकी वर्षं सांगेन सांगेन म्हणत होतो."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "अरे बाबा," ते कसेबसे म्हणाले, "तिथं कसली आलीय जागा! चाल सरळ पुढं जाते. तिथं माझं बटण लागून व्हायचं. तिथं मी दोरा तोडायचो!"

घड्याळवाल्याचा हात हवेतच राहिला. मास्तरणीचं तोंड उघडंच. आणि मग तिघं जे हसत सुटले! मास्तरांना नवे दात हातानं धरावे लागले. साऱ्या गल्लीनं, परगावच्या लेकीनं, झोपेतल्या त्या तान्ह्यानंसुद्धा मास्तरांचा दोरा तोडणं पाठ केलं होतं. "तरीपण जागा चांगली होती," घड्याळवाला डोळे पुशीत म्हणाला आणि आपल्या चाकांकडं परत गेला.

दोघंच राहिली. मास्तर उठून दारात आले आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"त्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "तो समोर बसतो, त्याला पाठ होणारच. पण तुझे तर कान किटले होते."

"किटलेच होते," ती म्हणाली. बटणाशी उगाच चाळा केला. मग तिचे डोळे भरून आले आणि तिला ते लपवता येईना. "मला आवडायची हो तुमची शीळ. फार आवडायची. घर कसं भरल्यासारखं वाटायचं. आता नुसतं भकास झालंय सगळं."

मास्तरांनी तिच्या मांडीवरचा कोट स्वतःच्या मांडीवर घेतला. वाकडं बटण उसवलं. "बटण लावायची ही पद्धत झाली?" ते म्हणाले, पण आवाज ओला होता. त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, उन्हाकडं सरकले. "हं. म्हण तू."

"मी बेसूर आहे."

"ते मला ठाऊक आहे. म्हण."

तिनं म्हटलं. सुई वर निघाली, सूर वर गेला, जमेल तेवढा. सुई खाली गेली, सूर खाली आला. मास्तरांचा हात पहिल्यासारखा चालत होता. चाल अर्ध्यावर आली, बटण लागलं, आणि ती थांबली.

मास्तरांची मान सवयीनं वाकली. दोरा ओठांपर्यंत नेला, आणि दात आठवले. ते तसेच थबकले. कात्री फळीवर होती, हात लांबवला असता तर आली असती. त्यांनी कोट उचलला आणि तो दोरा हळूच तिच्या तोंडापाशी धरला.

कात्री कशाला आहे, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती वाकली आणि तिनं कचकन दातानं दोरा तोडला. मग चाल जिथं सोडली होती तिथून पुढं उचलली, आणि मास्तरांनी दुसरं बटण घेतलं.