आठ बाय पाच

बहिणीच्या बाथरूमला आतून कडी लावून जमुनाने पर्समधून टेप काढला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. लांबी आठ फूट, रुंदी पाच. दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं, उंबरठा नाही. कमोडशेजारी भिंतीत स्टीलची दांडी, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर. डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीमागे तिने सगळं उतरवून घेतलं.

ती अमरावतीहून अकोल्याला आली होती ती आईला घरी न्यायला. तीन वर्षांपूर्वी मैनाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पंचायत समितीतल्या नोकरीवर निघण्याआधी जमुना रोज आईला आंघोळ घालायची. तिने लग्न केलं नव्हतं, घरात दोघीच. धाकटी रश्मी सणाला यायची, एखादं लुगडं द्यायची, आणि पुढचे आठ दिवस आई आल्यागेल्याला तेच लुगडं दाखवायची. जमुनाने ते गिळलं होतं. पण दोन महिने अकोल्याला रश्मीकडे राहिलेली आई आज जमुनाला बघताच म्हणाली होती, “जमे, मी आता माया हातानं आंघोय करतो वं. कोणी नाई लागत.”

जमुनाला वाटलं, तीन वर्षं हात आपले, आणि नाव दोन महिन्यांत रश्मीच्या बाथरूमचं!

जेवताना मैनाबाईंनी हळूच विषय काढला. “आणखी थोडे दिवस इथंच राहू का? तुया घरी तो उंबरठा, ते खड्ड्यातलं संडास...”

“राय ना. मी कुठं बांधून ठेवलं तुले?” जमुना म्हणाली, आणि ताटावरून उठली. हात धुताना मात्र तिचं ठरलं होतं, असं बाथरूम आपल्याही घरी बांधायचं.

आठच दिवसांत देवमन मिस्त्री अमरावतीच्या घरी खडूने जमिनीवर रेघा मारत होता. न्हाणी आणि संडास यांच्यामधली भिंत पाडली तर जागा साडेसात बाय पाच होत होती.

“साडेआठ पाहिजे,” जमुना म्हणाली.

“मंग भिंत फूटभर तुमच्या खोलीत घुसते, ताई. तुमचं कपाट नाई मावत.”

“नाई मावलं तं नाई. अन् दांडी तीन फुटांवर लावा.”

“तीन कावून?”

“माया बहिणीकडं पावणेतीनवर हाय.”

देवमनने खडू खाली ठेवला. “दांडी बहिणीले धरायची हाय का मायले? मायले खुर्चीवर बसवा, कोपरापर्यंत माप घ्या. तिथं लावतो.”

जमुनाला रश्मीला फोन करावाच लागला. कारण सांगताना ती अडखळली, तशी रश्मी म्हणाली, “ताई, तुया टेप इथं बेसिनवरच राहिला ना. मले तवाच समजलं.”

जमुनाचे कान तापले. रश्मी हसली नाही. ती म्हणाली, “एक सांगू? आई आली तवा मी तिले आंघोय घालाले गेली. तिनं लुगडंच सोडलं नाई. म्हणे, जमीची गोष्ट वेगळी, तुयापुढं लाज वाटते. चार दिवस तशीच बसली. म्हून बाथरूमची तोडफोड केली आमी. मी काय पोटची नाई का तिच्या?”

जमुनाला आधी आनंदच झाला, चांगला भरघोस. मग रश्मीने नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो आनंद कुठे ठेवावा हे तिला कळेना.

“माप घे,” ती म्हणाली.

“दोन फूट पाच इंच,” रश्मीने परत येऊन सांगितलं.

देवमनने दांडी बरोबर तेवढ्यावर लावली. लांबी मात्र जमुनाने साडेआठच ठेवली. कपाट पलंगाच्या पायथ्याशी आलं आणि तिला अंग चोरून खोलीत शिरावं लागू लागलं.

दिवाळीच्या आधी मैनाबाई घरी आल्या. पहिल्या सकाळी जमुनाने पाणी काढलं, सवयीने पदर खोचला आणि दारात उभी राहिली. वॉकर टेकत आई आत गेली. चौरंगावर बसून तिने दांडी धरून पाहिली.

“न्हाणी रश्मीच्याहून मोठी हाय ना?” जमुनाला राहवलं नाही.

“मले काय मोजाचं हाय? हात पुरला.” मैनाबाईंनी तिच्याकडे बघितलं. “दार लोट, बाई.”

जमुनाने दार लोटलं. आतून कडी लागली.

पाणी पडू लागलं. मध्येच थांबलं, तसा तिचा हात दारावर गेला. पुन्हा पडू लागलं, तशी ती मागे सरली.

अर्ध्या तासाने आई बाहेर आली. निऱ्या नीट, केस टिपलेले. “जाय आता, हाफिसले उशीर नको करू,” म्हणून ती अंगणात उन्हाला गेली.

फरशी पुसायला जमुना फडकं घेऊन आत शिरली. फरशी पुसलेलीच होती. बादली पालथी घातलेली, लुगडं पिळून दांडीवर पसरलेलं. नोकरीवर निघायला अजून पाऊण तास होता. जमुना कोरडं फडकं मांडीवर घेऊन चौरंगावर बसली.