वाहत्या पाण्यात सोडलेल्या पत्रिका

कावेरीबाईची म्हैस स्वभावानं गरीब. पण त्या सकाळी तिनं हौदातल्या पाण्याला तोंड लावलं आणि जी मान फिरवली, ती काही केल्या वळेना. कावेरीबाईनं ओळखलं, विहिरीत पुन्हा घाण उतरली.

"कोन्या मुडद्यानं टाकलं गं बाई!" म्हणत ती तरातरा सडकेच्या पुलाकडं निघाली. गावातल्या गटारींचं पाणी या पुलाखालून ओढ्याला येई आणि ओढा तिच्या विहिरीला लागून जाई. बघते तर पुलाच्या नळ्या थर्माकोलच्या पत्रावळ्यांनी गच्च! वर आभाळ भरून आलेलं. एक पाऊस झाला की सगळं तुंबून विहिरीत येणार. मग माणसांनी प्यायचं काय आणि मळ्याला द्यायचं काय? गेल्या साली हेच झालं, तर पंचायतीत म्हणाले, "पुरावा आना."

कावेरीबाईनं पदर खोचला आणि ती चिखलात उतरली. पुरावा लगेच हाताला लागला. गाठ मारलेल्या पिशवीत वैजनाथच्या लेकीच्या, अक्षराच्या लग्नाच्या तेवीस पत्रिका! लग्न होऊन आठ दिवस झालेले. कोपऱ्यांना हळदकुंकू, वर पाहुण्यांची नावं, सगळं तयार. फक्त वाटायच्या राहून गेलेल्या. पत्रिकेवर गणपती, तो उकिरड्यावर कसा टाकावा? म्हणून वैजनाथनं वाहत्या पाण्यात सोडला, आणि देव भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. काय ही अक्कल!

शेवटच्या पत्रिकेवर नाव होतं, 'श्रीमती कावेरीबाई, सहकुटुंब'.

बोलावण्याशिवाय मांडवात जायची तिची रीत नव्हती. शेजारच्या गल्लीतला बँड तिनं घरात बसून ऐकला होता. या वैजनाथला तिनं कडेवर खेळवलेलं. फार लागलं तिला ते. मग तिनं डोळे पुसले आणि पंचायतीचा नाद सोडून पत्रिकाच वाटायला घेतल्या.

दोन दिवस यष्टीनं उदगीर झालं, शिरूर अनंतपाळ झालं. प्रत्येक दारात एकच बोलणं, "वैजनाथकडली पत्रिका. वढ्यात होती, म्हून उशीर झाला."

आता, बांधावरून डोकी फुटली तरी आपली माणसं पुढं-मागं एका पंगतीला बसतात. पण पत्रिका चुकली तर? नाव काढू नका! तिसऱ्या दिवशी सगळा गोतावळा वैजनाथच्या अंगणात.

"पोस्टात गहाळ झाली म्हनलास न्हवं?" साडू चंद्रप्पा गरजला. "पोस्ट हापिस वढ्यात हाय का?"

"मी मेले समजून पाण्यात सोडलंस का रं मला?" साखरामावशीनं गळा काढला.

"न्हाई मावशे, वर गणपती होता म्हून..."

"मग त्येच्यासंगं मला कामून बुडवलास?"

मावशीनंच हुकूम सोडला, जागा दाखव. थोड्या वेळानं वैजनाथ पँट गुडघ्यावर घेऊन नळीतल्या पत्रावळ्या उपसत वाकलेला आणि काठावर बावीस घरचे पाहुणे, "डावीकडं हाय बघ अजून!" म्हणून सांगून राहिलेले.

शेवटी कावेरीबाई आली. ठेवणीतलं लुगडं, एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात कुंकू लावलेलं नवं घमेलं.

"मला बी बोलावनं होतं की. आहेर आनलाय."

वैजनाथनं घमेलं घेतलं. मान काही वर होईना. "काकू, चुकलं."

"हाव, चुकलंच. जेवायला कवा बोलावून राहिलास ते सांग." ती काठावर टेकली. "आन घरच्या ताटात वाढ. ताटं मी घासून देते."